पिशवी कुणाच्या हातची

सोमवार, ७ जुलै

भिंगरीस,

कुठल्या घाटात किती चढ आहे, कुठल्या वळणावर खडी पडली आहे, तीन वर्षांपूर्वी कोण कुणाच्या चाकाला चिकटून कितवं आलं, हे सगळं तुझ्या डोक्यात पक्कं. आणि आजीला वाचता येत नाही, एवढं मात्र विसरलीस. शाबास! चार पानं लिहून पाठवलीस. मी पाकीट फोडलं, पानं उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला. पाय चोळायच्या मलमाचा वास आला, म्हणून कळलं की तुझंच. मग खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला हाक मारली. सोमवारी तिचं दुकान बंद असतं. तिने वाचून दाखवलं, आणि आता हेही तीच लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते. मध्येच कुठे फार गोड वाटलं, तर समज की तिने माझ्या तोंडात साखर घातली.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तुझ्या बापाचं नाव काढलं की नेमकी तुझ्याकडची रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही.

तुझ्या चार पानांत वारा होता, टीममधल्या मुली होत्या, तिथल्या भाड्याच्या खोलीची खिडकी होती. आणि अगदी तळाला एक ओळ होती, की तिकडच्या सायकल महासंघाने कागद तयार ठेवलेत, वर्ष संपायच्या आत सही केलीस की पुढच्या मोसमापासून तू त्यांच्या देशाची. ती ओळ वाचताना शिंपीण खोकली. मोठी बातमी तळाशी लपवायची खोड तुझ्या बापाची. त्याने आपलं लग्न ठरल्याचंसुद्धा मला चाकाला हवा भरता भरता सांगितलं होतं.

मार्चमध्ये जेवताना तू हा विषय पहिल्यांदा काढलास, तेव्हा त्याने ताट सरकवलं आणि तू सायकल उचलून निघालीस. तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी बोलत नाही आणि दोघंही मला विचारता, ‘ती काय म्हणते?’, ‘ते काय म्हणतात?’ मी तुमच्या दोघांच्या मधली चेन झाले आहे. फिरवता दोघंही, तेल कुणी घालत नाही.

आता माझं एक आहे, ते आधीच सांगून टाकते. देशाची शर्यत जूनमध्ये असते. वर्षभर तू कुठे कुठे फिरतेस देव जाणे, पण त्या एका शर्यतीला तुला इथे यावंच लागतं, आणि आलीस की माझ्या खोलीत, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतेस. वर्षाकाठी मला तू मिळतेस ती एवढीच. जर्सी बदललीस की तुझा जून त्यांचा झाला. हे मी रडून सांगत नाही, शिंपीण साक्षीला आहे. फक्त लक्षात ठेव. म्हणजे पुढे मी जे काही बोलेन, त्यातून माझा स्वार्थ तुला वजा करता येईल.

यंदा मात्र तू आलीस आणि उतरलीस हॉटेलात. शर्यत संपल्यावर तशीच स्टेशनवर. सातवी आलीस म्हणे. काय झालं, म्हणून तुझ्या बापाला विचारलं तर तो खिडकीबाहेर बघत बसला. खिडकीबाहेर ट्रक होते. तूही चार पानांत त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

खाट झाडून ठेवली होती. असो.

तुझी आजी


सोमवार, २१ जुलै

भिंगरी,

ती पुरुषांची तीन आठवड्यांची मोठी शर्यत चालू आहे. दुपारभर टीव्ही लावते. घरात माणसाचा आवाज असला की बरं वाटतं, म्हणून कॉमेंट्रीवाल्याला मी मधूनमधून उत्तरही देते. काल चढ लागला तसा तो म्हणाला, “एके काळी या डोंगरावर आपल्या देशाचे पाच-पाच जण पुढे असायचे. आज एकही नाही. असं का झालं?” मग तीन शहाणे आणून बसवले. पहिला म्हणाला, पैसा नाही. दुसरा म्हणाला, शिस्त नाही. तिसरा म्हणाला, रक्तातच राहिलं नाही.

रक्त! अरे, त्या रक्ताला मी उकडलेले बटाटे खाऊ घातलेत. मला विचार म्हणावं.

तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, म्हणून सांगते. आपला देश वर आला तो काही देशाने ठरवून नाही. खालच्या बाजूला आपली गल्ली आणि टेकडीवर कारखाना, मध्ये तो चढ. प्रत्येक घरातला बाप सायकलने कामावर जाई, कारण बसला पैसे पडत. आणि दुपारी प्रत्येक घरातलं पोर बापाचा डबा घेऊन तोच चढ चढे. डबा गार झाला की बाप ओरडे, सांडला की आई. न सांडता, न थांबता, भोंगा व्हायच्या आत वर. सांग, तुझ्या कोचाकडे याहून कडक ट्रेनिंग आहे का? त्या डब्यांतूनच एकामागून एक विजेते निघाले.

मग कारखान्याच्या मालकाला वाटलं, या पोरांच्या पाठीवर आपलं नाव हवं. तुझ्या आजोबांना वाटलं, आपलं दुरुस्तीचं दुकान चालावं. आयांना वाटलं, पोरगा काहीही करो, पण कारखान्यात नको जायला. सगळ्यांचे स्वार्थ एकाच रस्त्यावर एकाच दिशेने निघाले. त्याला पुढे पेपरवाले म्हणाले, देश वर आला.

माझं काम पिशव्यांचं. लांब बंदाची कापडी पिशवी, आत बटाटे, केळी, जॅम लावलेला पाव, साखर घालून थापलेल्या भाताच्या वड्या. माथ्यावर खाण्याचा टप्पा. हात लांब करायचा, बंद बोटांवर सैल ठेवायचा, आणि पोराने खेचला की लगेच सोडायचा. माया लावून धरून ठेवलास तर तो खाली आलाच म्हणून समज. आणि अंगात आपल्या क्लबचं पिवळं. ती शिस्त मी लावली. शर्यतीत स्वार चेहरा बघत नाही, रंग बघतो. शंभर हात पुढे आलेले असतात, डोळ्यांत घाम असतो. पिवळं दिसलं की आपलं, एवढंच त्याला कळतं. एकदा मी लुगड्यावर जाकीट चढवायला विसरले, तर आमचा सगळ्यात हुशार स्वार माझ्या हाताला वारा लावून निघून गेला. पुढच्या गावात भोवळ येऊन शेतात पडला. नंतर मला म्हणाला, “काकू, तुम्ही आलाच नव्हता.”

शिंपीण म्हणते, आजी, या मुलीला हे सगळं ठाऊक असेल. असेल. पण मला सांगायला दुसरं कोण आहे? कॉमेंट्रीवाला ऐकत नाही.

तुझी आजी


सोमवार, १८ ऑगस्ट

भिंगरी,

उत्तर नाही. तुझी ती आठ दिवसांची शर्यत चालली होती, टीव्हीवर दाखवली नाही. बायकांची कशाला दाखवतील? मी आपली बातम्यांच्या शेवटी खाली धावणारी अक्षरं बघत बसले. वाचता येत नाहीत, पण तुझ्या नावाचा आकार मला ओळखू येतो, त्यात शेवटी एक शेपटी आहे. नाही दिसली.

मागच्या खेपेला चढ सांगितला, आता उतार सांगते. तुझा बाप म्हणतो, हल्लीच्या पोरांत दम नाही. दम कुठे गेला ते त्याला दिसत नाही, कारण तो त्याच दमावर अजून क्लब चालवतो. क्लबमध्ये आता कोण, तर पोटं सुटलेले त्याचेच मित्र. रविवारी चहाच्या टपरीपर्यंत सायकली हाणतात आणि परत येताना टेम्पो शोधतात. हत्ती गेला, शेपूट राहिलं, आणि शेपटाला वाटतं आपणच हत्ती.

आधी स्कूटर आली. बाप स्कूटरने जाऊ लागले, दुपारचं जेवण कारखान्यातच मिळू लागलं, डबे बंद झाले. मग कारखाना बंद झाला, त्याच्याबरोबर पाठीवरचं नाव गेलं. मग खालचा रस्ता रुंद झाला आणि त्यावर ट्रक आले. तुला आठव्या वर्षी सायकल दिली तेव्हा मीच म्हणाले होते, रस्त्यावर नेलीस तर तंगडी मोडीन. एका बाजूने देशासाठी विजेते हवेत आणि दुसऱ्या बाजूने पोर अंगणाबाहेर जायला नको. कुठल्याही आईला विचार, मुलांना शाळेला बस हवी की देशाला कप हवा. ती बसच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल.

तोवर दुसरे वर आले. ते बेटावरचे लोक, ज्यांना आमच्या काळात कुणी मोजत नसे, त्यांनी छपराखाली लाकडी ट्रॅक बांधला, पोरांना वाऱ्याच्या खोलीत बसवून पाठ किती वाकवायची ते मोजलं आणि सगळं जिंकून गेले. तो डोंगरातला चिमुकला देश, त्यांची सगळी माणसं मिळून आपल्या शहराचा एक कोपरा भरणार नाही. तिथे एक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोराने बापाकडे सायकल मागितली. आणि ते उंचावरचे लोक, जिथे हवा विरळ आणि शाळा लांब, त्यांची पोरं अजून दप्तर घेऊन चढतात. त्यांनाही एक दिवस बस मिळेल. मिळो. मग तेही खाली येतील आणि त्यांच्याकडेही कुणी शहाणा म्हणेल, रक्तात राहिलं नाही.

एक गोष्ट राहिली, ती तुझ्या बापाला आवडणार नाही. आपला देश सगळ्यात वर होता त्या शेवटच्या चार-पाच वर्षांत शर्यतीच्या मागून एका डॉक्टरची गाडी फिरायची. सगळे तिच्यात चढून यायचे आणि दुसऱ्या दिवशी उडायचे. तुझा बाप चढला नाही. पुढे तपासण्या कडक झाल्या, एकेक जण पकडला गेला, आणि देश वरून जो घसरला तो अजून घसरतो आहे. भिंतीवरच्या फोटोंत मात्र अजून तेच आहेत. तुझा बाप कुठल्याच भिंतीवर नाही. त्याला मिळालं काय, तर देशाचं एक निळं जाकीट, आणि तेही स्वच्छ राहिलेलं. तू ‘जर्सी बदलते’ म्हणालीस तेव्हा त्याने ताट का सरकवलं, ते यात आहे. मी त्याची बाजू घेत नाही. पण तू निघालीस तेव्हा ताट उचलायला मी एकटी होते.

आणि तुझीही बाजू मला कळते. आपल्या बायकांचं सायकलिंग खाली आलं म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. चढलंच कधी? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गेल्या वर्षी जागतिक शर्यतीला महासंघाने धाडले चार साहेब आणि एक स्वार. मेकॅनिक नाहीच. तुझं चाक वाकलं तेव्हा साहेब जेवायला गेले होते आणि तू रस्त्याच्या कडेला एकटी बसून चाक बदललंस. बायकांच्या शर्यतीतलं तेवढंच बातम्यांत दाखवलं, ते मी पाहिलं.

तुझी आजी


सोमवार, १५ सप्टेंबर

भिंगरी,

आलं तुझं पत्र. अर्धंच पान, पण यात जून होता.

शिंपीण वाचत होती: ‘बाबा चिडलेत हे कळत होतं. पण पिशवी द्यायलासुद्धा येणार नाहीत असं वाटलं नव्हतं. माथ्यावर मी दोन्ही बाजूंना बघत गेले. आपलं पिवळं कुठेच नव्हतं. पुढे पायात काही उरलं नाही. आजी, शर्यत हरल्याचं काही नाही. पण आता तिथे माझं कोण आहे, ज्याच्यासाठी मी ती जर्सी घालू?’

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. म्हटलं, हे असं होऊच शकत नाही. तुझा बाप गेला होता. पिशवी मी स्वतः भरली होती, पहाटे बटाटे उकडून. संध्याकाळी तो परत आला, भरलेली पिशवी तशीच टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “पाहिलं तिने मला. माझ्याकडे पाहिलं आणि न घेता पुढे गेली.” मग त्याने पिशवीतलं एक केळं सोललं, हातात धरून बसला, आणि न खाताच टेबलावर ठेवून निघून गेला. काळं पडेपर्यंत ते तिथेच होतं. हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुला लाज वाटेल असं वाटलं. मला वाटलं, तू खरंच त्याची पिशवी नाकारलीस.

म्हणजे तू म्हणतेस तो आलाच नाही, आणि तो म्हणतो तू घेतली नाहीस. तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवलं, त्याला तर आधीच वाढवलं होतं. तुम्हा दोघांनाही खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

मी डोकं धरून बसले होते. शिंपीण पेनचं टोपण चावत म्हणाली, “आजी, पिशवी देणाऱ्याने पिवळंच घालायचं ना?”

“पिवळंच.”

“मग दादांनी मला ते निळं कशाला दिलं होतं?”

“कुठलं निळं?”

“देशाचं जुनं जाकीट हो त्यांचं. पोटावर बसत नव्हतं. शर्यतीच्या आधी घेऊन आले होते, दोन्ही बाजूंना पट्ट्या घालून सैल करून दे म्हणाले. ‘माथ्यावर घालायचंय,’ म्हणाले. मला वाटलं, काहीतरी मानाचं असेल.”

भिंगरी, त्या माथ्यावर निळं घालून आणखी कोण उभे असतात? महासंघाचे साहेब, ओळीने. त्या रांगेकडे तू कशाला बघशील? मीसुद्धा बघितलं नसतं.

त्याने तुझ्याकडे पाहिलं. तू पिवळं शोधत होतीस. तो तिथेच होता गं, हात लांब करून, बंद सैल धरून.

शिंपीण नाक पुसते आहे, म्हणून आज एवढंच. (मी सर्दीने पुसते आहे. — शिंपीण)

तुझी आजी


सोमवार, ६ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझा बाप दर रविवारी औषधं घेऊन येतो, हे तुला माहीत आहे. गेल्या दोन रविवारी मी बोलायचं ठरवलं आणि दोनदा गिळलं. काल म्हटलं, आता आपलं वय गिळायचं नाही, थुंकायचं.

“जूनमध्ये अंगात काय घातलं होतंस?”

“कपडे.”

“कुठले?”

“आई, ही गोळी जेवणाआधी की नंतर?”

“निळं घातलंस ना?”

त्याने गोळ्यांची पट्टी हातात घेतली.

“क्लबचं पिवळं काय, धुवायला टाकलं होतं?”

“तिला दिसायला हवं होतं, ती काय सोडून चालली आहे.”

“मग, दिसलं?”

“बघितलं तिने माझ्याकडे. स्वतःच्या बापाचा चेहरा ओळखत नाही ती?”

“तू ओळखायचास? मी माथ्यावर उभी असताना तू दुसऱ्या क्लबच्या पोराच्या हातातली पिशवी ओढून नेलीस, आठवतं? का, तर त्याच्या अंगात पिवळा सदरा होता. त्यांची उकडलेली अंडी खाऊन तिसरा आलास आणि संध्याकाळी मला विचारलंस, अंडी कधीपासून घालायला लागलीस?”

त्याला हसू आलं असतं, पण आलं नाही. गोळ्यांची पट्टी उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तिने मला पाहिलंच नाही?”

“दिसशील असा तू उभाच नव्हतास, बाळा.”

पन्नाशी उलटलेल्या मुलाला बाळा म्हणू नये. तोंडून गेलं. तो उठला. चहा अर्धा राहिला. दार ओढून घेतल्यावर जिन्यात कितीतरी वेळ पावलांचा आवाजच आला नाही. मी दाराच्या या बाजूला उभी, तो त्या बाजूला. उघडावं असं मनात आलं. पण मग वाटलं, तो तिथे का थांबलाय ते मला कळलं, एवढं पुरे. मग तो गेला.

तुला फोन करेल असं समजू नकोस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि आपल्या घराण्याचा सुंभ तर अजून जळलेलाही नाही. पण त्याने जाकीट खाली शिंपिणीकडे टाकलं आणि म्हणाला, त्या पट्ट्या काढून टाक. ती म्हणाली, मग तुम्हाला बसणार नाही. तो म्हणाला, “माहीत आहे.”

तुझी आजी


सोमवार, ८ डिसेंबर

भिंगरी,

तू विचारतेस, बाबा आले होते हे कळल्यावर आता सही कशी करू? त्या कागदापेक्षा हा प्रश्न जड झालाय म्हणतेस. खोलीत एकटी बसून रडतेस असंही शिंपिणीने तुझ्या अक्षरावरून ओळखलं. तिला कापडावरचे पाण्याचे डाग कळतात.

ऐक. बाप उभा होता म्हणून देश उभा राहिला असं होत नाही. बाप माथ्यावर होता, पण मेकॅनिक नव्हताच. बाप पिशवी घेऊन आला, पण पुढच्या वर्षी बायकांचा संघच धाडायचा नाही असं साहेबांनी ठरवलंय. हे तुझ्या बापानेच मला सांगितलं, खाली मान घालून, जणू त्यानेच ठरवलंय. तू थांबलीस तर कुणासाठी? त्याच्यासाठी? त्याने एका जाकिटासाठी उमेदीची वर्षं घालवली. ते त्याचं त्याने निवडलं आणि मला त्याचा अभिमान आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही, तुला सांगते. पण बापाची शर्यत मुलीने पुरी करायची नसते. तुझे पाय काही वंशपरंपरेने मिळालेलं दुकान नव्हेत.

आणि तो देश तुला घेतोय म्हणून फार भारावूनही जाऊ नकोस. आज त्यांचं ऊन आहे, उद्या सावली येईल. कुणाचाच चढ कायमचा नसतो. तू फक्त एवढं बघ, चाक वाकलं तर कुणी धावत येतं का.

माझा स्वार्थ वजा करायला सांगितला होता ना? केलास? मग आता उरतं ते हे: सही कर.

तुझ्या बापाला मी हे सांगितलं. त्याने बूट घालता घालता विचारलं, “तिकडे मेकॅनिक असतो का?”

म्हटलं, “दोन असतात म्हणे.”

“हं,” म्हणाला, आणि डावा बूट उजव्या पायात घालायला लागला.

तुझी आजी


सोमवार, १६ मार्च

भिंगरी,

पाहिली तुझी शर्यत. काल टीव्हीवर दाखवली. बायकांची! तुझ्या नव्या देशाने जोर लावला असणार.

दुपारी दार वाजलं. तुझा बाप, हातात औषधांची पिशवी. औषधं अजून पंधरा दिवस पुरतील इतकी घरात आहेत, पण मी काही बोलले नाही. खुर्चीवर नाही बसला. खाटेच्या कडेला टेकला, आत्ता उठतोच आहे असा. टीव्ही आधीपासून चालू होता. मीही म्हटलं नाही की बस, तोही म्हणाला नाही की बघतो.

चढाला सगळ्या बायका एका गोळ्यात. मला तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या, वरून हेल्मेट, खाली गुडघे. कॉमेंट्रीवाला नावं घेत होता, तुझं आलं नव्हतं. आणि हा एकदम म्हणाला, “तिसरी.”

“कशावरून?”

“डावा खांदा पाडते. लहानपणी पडली होती तेव्हापासून.”

मग कॉमेंट्रीवाल्याने तुझं नाव घेतलं, पुढे त्या देशाचं घेतलं, आणि जरा आवाज खाली आणून म्हणाला, “या मूळच्या आपल्याकडच्या.” मी तुझ्या बापाकडे पाहिलं. तो गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकला होता, जणू चढ त्यालाच लागला होता. तू अकरावी आलीस, आपल्या टीममधल्या मुख्य मुलीसाठी वारा अंगावर घेत. तो म्हणाला, तिचं कामच होतं ते, तिने नीट केलं. मग उठला, सदरा झटकला आणि म्हणाला, “मोठा गिअर ओढते आहे. गुडघे जातील. सांग तिला.”

“तूच सांग की.”

“तू पत्रात घाल.”

तर घातलं. मोठा गिअर ओढू नकोस, गुडघे जातील. हे तुझ्या बापाचे शब्द आहेत, जसेच्या तसे. वर्षभरात त्याने तुला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य, जपून ठेव.

तो गेल्यावर खोली फार मोठी झाली. माणूस येऊन गेलं की असं होतं, मुळात आलंच नाही तर इतकं कळत नाही. तुझी खाट शिंपिणीने मागितली आहे, कापडाचे गठ्ठे ठेवायला. म्हटलं, जून होऊन जाऊ दे, मग बघू. तिने पुढे काही विचारलं नाही. बाई शहाणी आहे, फक्त सारखी सर्दी होते तिला.

आता कामाचं. तिकडून खायला पाठव. ती नळीतली चिकट गोड लापशी नको, ती मागच्या वेळी जिभेला चिकटून बसली आणि मला दोन दिवस कुणाला उलटून बोलता आलं नाही. साधी बिस्किटं पाठव, दुधात बुडवली की मऊ होणारी, मला दात नाहीत. गोड कमी असलेली, तुझ्या बापाला साखर वर्ज्य आहे आणि तो ‘मला नको, मला नको’ म्हणत माझ्या ताटलीतली अर्धी संपवतो. तेव्हा दोघांना पुरतील एवढी पाठव, तुझ्या पुढच्या शर्यतीच्या आत. पार्सलवर नाव मात्र माझंच घाल. त्याचं घातलंस तर ताठ्याने परत धाडेल. माझं असलं की निमूट खाईल.

तुझी आजी